लहान संत्र्याची साल

मी शाळेत मराठी शिकवायला रुजू झालो, त्याच आठवड्यात शिक्षकांच्या खोलीतल्या टेबलावर संत्र्यांची एक पिशवी दिसली. नागपुरात हिवाळ्यात टेबलावर संत्री असली की ती सगळ्यांचीच, या समजुतीने मी एक सोलायला घेतलं. मागून आवाज आला, "अहो सर, काय करून राहिले? ते खायाचे नाहीत, मोजायचे आहेत." गणिताच्या कुमुद वैरागडे बाईंशी माझी ओळख झाली ती अशी, चोरी पकडली जाऊन.

बाई यंदा पंचाहत्तरीत पदार्पण करीत आहेत. त्यांच्या या गौरवग्रंथात त्यांच्या अध्यापनावर लिहिण्याचा मान खरं तर एखाद्या गणितवाल्याचा. मी आकड्यांना घाबरणारा माणूस. तरीही मी हो म्हटलं, कारण बाईंच्या गणिताने माझ्या घरावर जे उपकार केले ते दुसरं कुणी लिहिणार नाही.

ती संत्री कशी मोजतात हे पाहायला मी त्या दिवशी वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसलो. बाईंनी एक लिंबाएवढं संत्रं घेतलं आणि एक बरोबर त्याच्या दुप्पट उंचीचं. "उंची दुप्पट, तर साल किती पट?" सगळ्या मुली एका सुरात "दुप्पट" म्हणाल्या. बाई हो म्हणाल्या नाहीत आणि नाहीही म्हणाल्या नाहीत. काठोकाठ भरलेल्या पातेल्यात त्यांनी दोन्ही फळं एकेक करून बुडवायला लावली, सांडलेलं पाणी मोजून घेतलं. मग साली सोलून चौकटीच्या कागदावर पसरल्या. मोठ्याची साल चौपटीच्या आसपास भरली आणि पाणी जवळजवळ आठपट. एका मुलीचा विश्वास बसेना, तर बाईंनी तिला दुसरी जोडी दिली. सूत्र फळ्यावर आलं ते सगळ्यात शेवटी: उंची जितकी पट, ती पट दोनदा घेऊन गुणली की पृष्ठफळ, तीनदा घेतली की घनफळ. "पण आकार सारखाच पाहिजे, पोरीहो," असं बाईंनी बजावलं. "आन हे ध्यानात ठेवा, लहान संत्र्यात गराच्या मानानं साल जास्त." तास संपल्यावर फळं वाटली गेली. मलाही दोन फोडी मिळाल्या.

चुकीच्या उत्तराला बाईंनी कधी हसून घालवलं नाही. आलेल्या पाहुण्यासारखं त्या त्याला बसवून घेत आणि कुठून आलास म्हणून विचारत. आमच्यापैकी अनेकांनी ही रीत उचलायचा प्रयत्न केला. तेवढा धीर कुणाजवळ निघाला नाही.

पुढे कित्येक वर्षांनी, ऐन कडाक्याच्या थंडीत, माझी मुलगी वेळेआधीच बाळंत झाली. तिची तब्येत बिघडली म्हणून तिला दुसऱ्या दवाखान्यात हलवलं. जावई तिच्यापाशी थांबले आणि नवजात बाळांच्या कक्षात माझी नात आणि मी उरलो. नात माझ्या ओंजळीत मावेल एवढीच होती. तिचं अंग गार पडू देऊ नका, उघड्या छातीशी धरून बसा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. माझं धाडस होईना. हातून काही झालं तर, ही एक भीती. भोवती सगळ्या बाया, त्यांच्यात सदरा काढून कसं बसायचं, हा दुसरा संकोच. एवढ्याशा जिवाला एवढीशी दुलई पुरेल, अशी मी स्वतःची समजूत घालत होतो.

बाई सक्करदऱ्याच्या घरून डबा घेऊन आल्या. त्यांनी दुलईत हात घालून पाहिला.

"सर, लहान संत्र्याची साल आठवते न? हिची आतली ऊब सालीतूनच चालली. दुलई असलेली ऊब राखते, नवी देत नाही. हिच्यापाशी कमी आहे, तुमच्यापाशी जास्त आहे. द्या न तिले."

मी सदरा काढला. नर्सने बाळ छातीवर ठेवलं. बाईंनी अंगावरची शाल आम्हा दोघांवर पांघरली आणि आमच्याकडे पाठ करून पडद्यासारख्या उभ्या राहिल्या. उभ्या उभ्या त्या शाळेतल्या कुठल्याशा जुन्या सहामाहीच्या पेपरबद्दल बोलत होत्या. बाळाची पावलं हळूहळू गरम झाली, तेव्हा मी रडलो आणि बाईंनी मागे वळून पाहिलं नाही.

मुलगी बरी झाली. नातीचं नाव ओवी ठेवलं. बाईंच्या शालीची ती गोष्ट ती माझ्याकडून ऐकतच वाढली. पण "कमी वजनाची" हे दुसरं नाव तिला चिकटलं ते चिकटलंच. प्रत्येक लग्नकार्यात कुणी ना कुणी तिचं मनगट चाचपून पाहतं.

ओवी आता गणितासाठी बाईंकडे जाते. गेल्या हिवाळ्यात तिने बाईंच्या अंगणात हिशेब केला. उंची जन्माच्या तिप्पट, म्हणजे वजन सत्तावीस पट हवं. ती वजनकाट्यावर चढली. काटा बराच अलीकडे थांबला. तिचा चेहरा उतरला. "म्हणजे मी अजूनही कमीच."

"काहून कमी?" बाई म्हणाल्या. "सूत्र सारख्या आकाराले लागते. तू काय मोठं केलेलं बाळ आहेस का वं? तेव्हा डोकं केवढं होतं तुझं, पाय केवढेसे होते. तू तुझ्या आकाराची झाली. तुझ्यात काही कमी नाही."

ओवी काट्यावरून उतरून पायरीवर बसली. मग तिचं लक्ष बाईंकडे गेलं. बाई अलीकडे वाळल्या आहेत, पाठ थोडी वाकली आहे, उन्हात बसूनही त्यांना हुडहुडी भरते. ती उठली, बाईंना खेटून बसली आणि त्यांच्या शालीचं एक टोक स्वतःभोवती घेतलं.

"बाई, तुम्ही आता लहान झाल्या," ती म्हणाली. "माझ्यापाशी जास्त आहे. घ्या."

बाईंनी घेतली. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, आणि अनेक हिवाळे ही ऊब घेण्याचा त्यांनी संकोच करू नये.