तुरेरावांची कटिंग

आमच्या गल्लीतले सगळे पुरुष पाठीमागून सख्खे भाऊ दिसतात. हे रक्ताचं नातं नव्हे. ही कोपऱ्यावरच्या सलूनवाल्या मामांची करणी.

मामांचा शिरस्ता ठरलेला. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की मानेभोवती पांढरं कापड गुंडाळायचं, फवाऱ्यानं डोकं भिजवायचं आणि अगदी अदबीनं विचारायचं, "किती ठेवू?" गिऱ्हाईक उत्तरासाठी तोंड उघडेपर्यंत निम्मं डोकं खाली फरशीवर पडलेलं असायचं. कुणी कुरकुर केलीच तर मामा हसून म्हणायचे, केसच आहेत, परत येतात. या एका वाक्यावर माणसानं उभा जन्म काढला. एका नवरदेवाला त्यांनी लग्नाच्या आदल्या दिवशी असा काही तासला, की हा तोच मुलगा का, म्हणून मुलीकडच्यांनी आधी पाठवलेला फोटो काढून पडताळून पाहिला. तोच निघाला. अजून सुखानं नांदतो आहे बिचारा.

तर अशा या मामांच्या उघड्या दारातून एका दुपारी एक पक्षी सरळ आत आला आणि टॉवेलांच्या दांडीवर बसला. पिवळाधमक, गालांवर शेंदरी टिकल्या आणि डोक्यावर ताठ उभा तुरा. पोपटातलीच ही परदेशी जात, कॉकाटील म्हणतात, हे आम्हाला मागाहून कळलं. मामांनी आधी त्याचा तुरा पाहिला. बराच वेळ पाहिला. मग मान डोलावून म्हणाले, हात चांगला आहे कारागिराचा.

कुणाचा पाळलेला असणार, हे उघड होतं. मामांनी चार गल्ल्यांत विचारलं, दारावर चिठ्ठी लावली, पण कुणी न्यायला आलं नाही. तोवर मागच्या खोलीत राहणाऱ्या मामींनी त्याचं नाव तुरेराव ठेवून टाकलं होतं. केसांच्या ढिगांत पाय पडतो म्हणून मामी कधी दुकानात फिरकायच्या नाहीत. त्या आता स्टूल घेऊन तिथेच बसायला लागल्या. तुरेराव त्यांच्या खांद्यावरून मामांच्या टकलावर आणि टकलावरून परत खांद्यावर अशा फेऱ्या मारायचे. सबंध दुकानात कात्री न लागलेली जागा तेवढीच, म्हणून ते टक्कल त्यांना सुरक्षित वाटत असावं.

घोटाळा केला आरशांनी. मामांच्या दुकानात समोर भिंतभर आरसा आणि पाठीमागेही भिंतभर आरसा. ही त्यांच्या आयुष्याची कमाई. खुर्चीत बसलं की एका डोक्याची शंभर डोकी दिसायची. तुरेरावांना त्यात लांबच लांब मोकळा रस्ता दिसला आणि त्या रस्त्यावर आपल्यासारखेच पिवळे भाऊबंद. ते पूर्ण वेगानं निघाले आणि धाडकन काचेवर आदळले. पहिल्या वेळी पिसं झटकून उठले. दुसऱ्या वेळी खाली पडले ते उठेनात. चोचीशी रक्त होतं, डोळे मिटलेले. मामा एका गिऱ्हाइकाला अर्ध्या दाढीवर सोडून केसांच्या पसाऱ्यात बसले आणि पाखराला तळहातावर धरून राहिले. तो पुन्हा डोळे उघडेपर्यंत त्यांनी कुणाशी एक शब्द काढला नाही. मामांच्या बाबतीत हे इतकं अघटित होतं, की अर्ध्या दाढीचं ते गिऱ्हाईकही गुपचूप बसून राहिलं.

तिसऱ्यांदा आपटला तर वाचायचा नाही, हे सगळ्यांनाच दिसत होतं. पिंजरा आणून पाहिला. त्यात तुरेराव दिवसभर असे कोकलायचे, की वस्तरा चालवताना मामांचा हात दचकायचा, आणि ते गालांच्या दृष्टीनं बरं नव्हतं. मग कुणीतरी म्हणालं, पंख छाटा.

जनावरांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. डॉक्टर म्हणाले, बाहेरची चार-सहा पिसं कापायची, कोवळं, रक्त असलेलं पीस सोडून. दुखत नाही. पुढे झडतात, नवी येतात. पण उडता न येणारा पक्षी धडपडतो, भेदरतो, आळशी होतो. आणि आरशावर आपटून मरण्यापेक्षा ते बरं, असंही कुणी म्हणेल. पक्षी तुमचा, ठरवा तुम्ही. मामा चिडून परत आले. फी घेऊन वर "तुम्ही ठरवा" म्हणायला डॉक्टर कशाला हवा, हे त्यांचं म्हणणं.

शेजारच्या इस्त्रीवाल्याला मात्र काही शंका नव्हती. तो कोळसे फुंकता फुंकता दारातून म्हणाला, "मामा, एवढं काय त्यात? पिसंच आहेत. परत येतात."

दुकानात जितके होते तितके सगळे एकदम दुसरीकडे बघायला लागले. त्या दिवशी मामांनी माझे केस इतके कमी कापले, की घरी गेल्यावर बायकोनं विचारलं, "दुकान बंद होतं का?"

शेवटी सुट्टीच्या दिवशी मामांनी मला बोलावून घेतलं. पंख पसरून धरायला तिसरा माणूस हवा होता. मामींनी तुरेरावांना टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतलं. मी एक पंख अलगद बाहेर काढून उलगडला. आतून तो पिवळट-पांढरा होता आणि बोटांना त्याची ऊब लागत होती. मामांनी सगळ्यात बारीक कात्री उकळून, पुसून हातात घेतली. इतक्या वर्षांची सवय, म्हणून आधी फवारा मारला. तुरेरावांनी डोळे मिटून तुरा उभारला. आणि मामांच्या तोंडून निघून गेलं, "किती ठेवू?"

कात्री तशीच हवेत राहिली.

"जन्मात पहिल्यांदा उत्तराची वाट बघताय," मामी म्हणाल्या.

मामा ओशाळले. कात्री खाली आली, पुन्हा वर गेली. "माणूस आपल्या पायांनी येतो गं," ते म्हणाले. "नाही आवडलं तर शिव्या देतो, दुसरीकडे जातो. हा कुठे जाणार?"

"मग नका कापू."

"आणि आपटून मेला म्हणजे?"

"अहो, आपटतो आरशावर आणि कात्री पंखाला? आरसे झाका की."

मामांचा चेहरा असा झाला, जणू त्यांचेच हात छाटायला सांगितले होते. आरशाशिवाय सलून म्हणजे, एवढं म्हणून ते थांबले. मामी म्हणाल्या, गिऱ्हाईक तरी काय बघतं त्यात? तुमची करणीच ना? तेवढं दुःख कमी.

दुसऱ्या दिवशी दोन्ही भिंती वर्तमानपत्रांनी मढल्या. दाराला स्प्रिंगची जाळी लागली आणि वर पाटी: आधी दार, मग दाढी. पंखा जाळीतला होता, त्याची काळजी नव्हती. दोन-तीन गिऱ्हाइकं रागावून पलीकडच्या थंडगार सलूनमध्ये गेली. बाकीची आम्ही जुन्या बातम्या वाचत बसू लागलो. स्वतःचं तोंड दिसेना, तेव्हा लोक मामांनाच विचारायला लागले, कुठवर आलंय? मामांना सांगणं भाग पडलं, "कानाशी आलोय. थांबू?" आणि सांगून खरोखरच थांबू लागले.

तुरेरावांना काचेची ओळख व्हावी म्हणून अधूनमधून मामा कागदाची एक पट्टी फाडायचे. उघड्या पडलेल्या फटीशी तुरेराव चालत यायचे, काचेवर चोच मारायचे, पलीकडच्याला शीळ घालायचे आणि तो नुसती नक्कल करतो असं पाहून कंटाळून परत फिरायचे.

शेवटचा कागद निघाला तेव्हा खुर्चीत मी होतो, तोंडाला फेस लावून. भिंतभर आरसा लख्ख उघडा पडला. तुरेराव दांडीवरून उडाले ते थेट त्याच्याच दिशेनं. मामांचा वस्तरा माझ्या गालापासून बोटभर अंतरावर थांबला. मामींनी हात तोंडावर नेला. आरसा अगदी हातभर उरला असताना पिवळा पंख तिरका झाला आणि तुरेराव वळले. दुकानाला एक फेरी मारून पुन्हा आरशाकडे गेले आणि पुन्हा वळले.

"वळला," मामा म्हणाले. एवढंच.

आणखी एक-दोन फेऱ्या झाल्यावर मी हळूच म्हणालो, "मामा, साबण वाळला."

"वाळू दे," मामा वर बघत म्हणाले. "त्याला अजून एक फेरी मारू दे."