लाल आधी, काळी नंतर

जानरावकाका चप्पल बाहेर काढून गाडीत बसत. कडक उन्हाळ्यातही काच वर करत. गाडी सुरू झाली की घड्याळ पाहत. बरोबर दहा मिनिटं. तेवढ्यात हेडलाइट, पंखा, रेडिओ, सगळं चालवून बघत. मग गाडी बंद करून बॉनेटवर हात ठेवत, कपाळाचा ताप बघावा तसा.

हे रोज. फाटकाबाहेर गाडी निघे ती फक्त बुधवारी आणि शनिवारी, भागीरथाकाकूंना डायलिसिसला न्यायला. अकोल्यातच, दोन किलोमीटर.

काका पाटबंधारे खात्यात कारकून होते. नोकरी सगळी सायकलवर झाली. एकदा ऑटोत काकूंना उलटी झाली आणि ऑटोवाला नको ते बोलला. त्यानंतर साठाव्या वर्षी ते गाडी शिकले.

पलीकडच्या केशरबाई कुंपणावरून विचारत, "काहो जानराव, पाजलं का गाडीले दूध?"

"बॅटरी चार्ज करून राहिलो, वहिनी."

मी त्यांचा पुतण्या. एकदा म्हटलं, उभ्या गाडीत बॅटरी फारशी चार्ज होत नाही म्हणतात.

"तू कविता शिकला ना बाप्पा? मंग बॅटरीतलं तुले काय समजते?"

मे महिन्यातल्या एका बुधवारी गाडी नुसती टिकटिकली. काकू मागे टॉवेल घेऊन बसल्या होत्या. आम्ही गाडी ढकलून पाहिली. मग ऑटो शोधला. पोचलो तेव्हा काकूंचं मशीन दुसऱ्याला दिलेलं होतं. चार तास त्या बाकावर पडून होत्या. काका त्यांच्या सुजलेल्या पायांकडे बघत उभे राहिले. बसले नाहीत.

बॅटरीवाला शेखर म्हणाला, "काका, उभ्या गाडीत थेंब थेंब भरते. वरून तुमी लाईट, पंखा लावता. रोज अर्धा तास पळवा तिले."

"म्हंजे मी सालभर उतरवूनच राहिलो होतो?"

शेखर हसला. काका हसले नाहीत.

तेव्हापासून रोज पहाटे ते पातूर रस्त्याला जाऊन येत. आल्यावर पाणी भरणं, काकूंचा अळणी स्वयंपाक, औषधं. दवाखान्यात भिंतीला टेकून उभ्याउभ्या डुलकी घेत.

"काका, थोडं झोपत जा."

"तिचं पार पडलं की झोपतो."

बॅटरी जुनी होती, गाडी रोज पळवूनही उतरायचीच. या मंगळवारी दुपारी ते ती शेखरकडून चार्ज करून घेऊन आले. स्वतः उचलून गाडीत बसवली. मला हात लावू दिला नाही. शेखरने शिकवलेला वायरींचा क्रम पुटपुटत होते, "लाल आधी, काळी नंतर." मग म्हणाले, "पाणी आण रे."

मी पाणी घेऊन आलो. ते पायरीवर बसले होते, मान खांबाला टेकलेली. मला वाटलं, झोप लागली. चला, बरं झालं, असंसुद्धा वाटलं. तांब्या घेऊन मी तसाच उभा राहिलो. किती वेळ, आठवत नाही.

संध्याकाळी घर माणसांनी भरलं. काकू रडत नव्हत्या. मला जवळ बोलावून हळू आवाजात म्हणाल्या, "उद्या बुधवार हाये ना रे?"

मी बाहेर आलो. बॉनेट उघडंच होतं. लाल वायर घट्ट बसवलेली होती. काळी बाजूला लोंबत होती आणि बॅटरीवर दहा नंबरचा पाना पडला होता.