टीव्हीतली हौसा

बायको मेली तेव्हा घरात तिचा एकही धड फोटो नव्हता.

होता तो आधार कार्डावरचा. त्यात ती अशी बघते, जसं काय फोटोवाल्यानंच आमची म्हैस सोडून नेलीय! तोच मोठा करून भिंतीला लावला. वर्षभर रोज सकाळी त्याला हार घालायचो आणि रोज सकाळी शिव्या खाल्ल्यासारखं वाटायचं. (सवय होती म्हणून गोड लागायचं, ते वेगळं.)

हौसाला टीव्हीवरच्या गाण्यांचं भारी वेड. चमकणारे कोट, ढगळ पँटी, डोक्यावर एवढालं केसांचं टोपलं आणि ढिंगच्याक ढिंगच्याक! चाळीस वर्षांमागं टीव्हीवाल्यांनी असला एक कार्यक्रम कोल्हापुरात मैदानावर मांडव घालून केलता. हौसानं मला ओढत नेलं. पुढं तो टीव्हीवर लागला, त्या दिवशी नेमकी गल्लीची लाईट गेली. तिनं स्वतःला कधी बघितलंच न्हाय.

त्यावरनं जन्मभर भांडण. ती म्हणायची, "ह्यो माणूस तिथं घोरत पडलाता!" मी म्हणायचो, "मी टक्क जागा होतो, झोपलीस तू!" गल्लीला माझंच पटलं. आवाज माझा मोठा होता ना!

आता हल्ली ते जुने कार्यक्रम परत दाखवतात. गेल्या महिन्यात जाहिरात आली, आपलाच कार्यक्रम, रविवारी दुपारी तीनला! माझा मुलगा बाळू म्हणाला, "आप्पा, आई दिसली की मोबाईलवर फोटो काढतो. तोच भिंतीला लावू."

एवढंच मला पाहिजे होतं. हसरी हौसा.

रविवारी अर्धी गल्ली आमच्या घरात. शेजारची गंगूआक्का तर जेवण टाकून आली. गाणं सुरू झालं आणि कॅमेरा माणसांवर फिरला. तिसऱ्या रांगेत हिरवं लुगडं... हौसा! दात काढून हसत होती! मला तेवढाच तिचा चेहरा दिसला आणि मी उठून थेट टीव्हीपुढं!

"ही बघा! ही बघा माझी हौसा!"

"आप्पा, बाजूला व्हा!"

"मामा, खाली बसा की!" सूनबाई वैशाली ओरडली.

"अगं, पण बघा की हिला!"

"काय बघायचं? तुमचा लेंगाच दिसालाय नुसता!" गंगूआक्का.

बाळूच्या मोबाईलमध्ये माझा लेंगा आला, आणि त्याच्यावर गाणाऱ्याच्या केसांचं टोपलं. मी खाली बसलो. हौसा वर्षात दुसऱ्यांदा गेली.

वैशालीला दया आली. "मामा, उद्या सकाळी रिपीट असतंय की!"

सोमवारी मला खुर्चीत बसवलं आणि गंगूआक्कानं मागनं माझ्या सदऱ्याचं टोक मुठीत धरलं. (तिनं आयुष्यभर रेडे सांभाळलेत.) कॅमेरा फिरला, बाळूनं फोटो काढला. एक नंबर! पण सगळी एकदा मोबाईलकडं बघायला लागली आणि एकदा माझ्याकडं.

"आप्पा, हे कोण?"

हौसाच्या खांद्यावर एक डोकं. तोंड असं उघडं, की आत लिंबू बसावं! एका हातानं हौसानं मांडीवर ताल धरलाय आणि दुसऱ्या हातानं ते डोकं सावरलंय.

"आता गं बया!" गंगूआक्का गरजली. "आणि चाळीस वर्सं त्या बिचारीला झोपाळू म्हणत आलासा न्हवं?"

"मला कापून टाक रं त्यातनं," मी बाळूला म्हणालो.

"कापता येईना," वैशाली म्हणाली. "तुमचं डोकं काढलं की आईंचा खांदाबी जातोय आणि हातबी."

मग राहू दे म्हटलं. आता भिंतीवर आख्खा फोटो आहे. हौसा रोज सकाळी हसते. हार मोठा, तो दोघांच्याही गळ्यात बसतो.

परवा वैशालीचे एक लांबचे चुलते चंदगडहून पहिल्यांदाच आले. फोटोसमोर उभं राहून त्यांनी हात जोडले, डोळे पुसले आणि मला हळूच विचारलं, "ह्ये तुमचं थोरलं भाऊ व्हय, पावणं? झोपेतच गेलं वाटतं?"

मी म्हटलं, "व्हय. आणि जाताना चाळीस वर्षांचं खोटं उघडं पाडून गेलं!"