साडूंची दहा बोटं

अख्ख्या बेळगाव जिल्ह्यात कुणाच्या हाताला किती बोटं शिल्लक आहेत, याची आमच्या थोरल्या साडूंइतकी पक्की माहिती सरकारकडेही नसेल. माणूस भेटला की लोक त्याच्या तोंडाकडे बघतात, हे हाताकडे बघतात. त्यातून समोरचा सुतार असला तर विचारायलाच नको. त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेऊन इतका वेळ धरून ठेवतात की त्या बिचाऱ्याला वाटावं, केवढा हा जिव्हाळा! जिव्हाळा कसला, मोजणी चाललेली असते. मोजणी दहावर संपली की साडूंचा चेहरा खुलतो आणि ते चहा मागवतात. नऊवर अडली तर आलेला चहाही तसाच ठेवून उठतात.

हा नाद त्यांना लागला टेबल सॉ घ्यायचं ठरल्यापासून. साडू बेळगावातल्या वडगावचे, विणकरांच्या पेठेतले. तीस वर्षं घरच्या मागांवर साड्या विणल्या, मग माग विकले आणि त्या रिकाम्या खोलीत सुतारकाम करायचं मनावर घेतलं. लेकीला दिवस गेले होते आणि येणाऱ्या बाळाला आजोबांच्या हातचा पाळणा हवा, एवढं साधं कारण. रंधा आला, पटाश्या आल्या, लेकीच्या सासरहून, गुंजीहून, फणसाच्या चार फळ्या आल्या. राहिलं फक्त फळ्या कापायचं मशीन. टेबलाच्या मधोमध गोल पातं गरगर फिरतं आणि आपण फळी त्याच्या अंगावर ढकलत न्यायची, असं ते मशीन. ते निवडता निवडता बाळ जन्मलं आणि झोळीत झोपूनच मोठं झालं. पाळणा रद्द होऊन पांगुळगाडा ठरला, तोवर नात भिंत धरून चालायला लागली आणि आठवड्याभरात भिंत सोडून पळायलाही लागली. मग डुलता घोडा ठरला. घोड्यावर बसायच्या वयात ती शाळेच्या रिक्षात बसली. शेवटी बेत जेवायला बसायच्या पाटावर येऊन थांबला. "पाटाला वयाची अट न्हाय," साडू म्हणाले, "म्हातारी झाली तरी बसंल."

मशीन मिळत नव्हतं असं नाही. अडचण साडूंनी एका वाक्यात सांगून ठेवली होती: "स्वस्त मशीनला गार्ड न्हाय, आणि गार्डवाल्या मशीनला आपण न्हाय." गार्ड म्हणजे पात्यावरचं झाकण, आणि ते असलेली मशीनं महाग. या शोधात त्यांनी मला जोडीला घेतलं ते माझ्या ज्ञानासाठी नव्हे. "तुम्ही घाबरट हाय, पावणं. धाडसी माणूस संगं असला की चुकीचं मशीन गळ्यात पडतंय." यात खोटं काही नाही. मी घरातला मिक्सरसुद्धा हात लांब करून सुरू करतो.

मी निपाणीचा, म्हणून पहिली स्वारी निपाणीला आली. एका सुताराकडे जुनं मशीन होतं, बिडाचं जडशीळ टेबल, मोटर ठणठणीत, किंमत आवाक्यातली. साडू खूश होते, पण त्यांनी सुताराचे हात हातात घेतले आणि मोजणी नऊवर थांबली. "हे कुठं गेलं?" साडूंनी हलक्या आवाजात विचारलं. "ते व्हय? ते बारकेपणी उसाच्या चरकात गेलं वो!" सुतार हसत म्हणाला. साडू तडक बसस्टँडकडे निघाले. मग म्हणाले, "चरक म्हणून सांगतोय. मशीन इकायचंय म्हटल्यावर दुसरं काय सांगणार?" दुसऱ्या एका मिस्त्रीने फुकटातला उपाय सुचवला: हातातला कटरच फळीखाली उलटा बसवा, पातं वर काढा, झालं मशीन. 'उलटा' हा शब्द ऐकताच साडूंनी दोन्ही हात सदऱ्याच्या खिशांत घातले, ते घरी येईपर्यंत बाहेर काढले नाहीत. तिकीटसुद्धा मलाच काढावं लागलं.

आम्ही सगळे हसायचो. आक्का, म्हणजे माझी मेहुणी, तर म्हणायची, "पोरगी बघायला इतका येळ लावला न्हवता." पण साडूंची भीती कुठून आली हे घरात सर्वांना ठाऊक होतं. त्यांचे थोरले बंधू आप्पा खानापूरकडच्या एका लाकडाच्या वखारीत होते. तिथल्या उघड्या पात्याने त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं नेली. आप्पांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. देवापुढे ते हात जोडायचे तेव्हा उजव्या हाताच्या दोन बोटांना जोडीदार नसायचा, आणि साडू तेवढ्यापुरते दुसरीकडे बघायचे. त्या दिवसाबद्दल कुणी विचारलं तर साडू विषय बदलत.

शेवटी गेल्या वर्षी बेळगावातल्या एका दुकानात गाठ पडली. दुकानदाराची बोटं पूर्ण दहा. मशीन छोटं, टेबल पत्र्याचंच, पण गार्ड होता आणि किंमत झेपणारी होती. साडू तरीही मशीनभोवती प्रदक्षिणा घालत राहिले. दुकानदार कंटाळून पात्यावर बोट ठेवत कन्नडमध्ये म्हणाला, "इदक्क हल्लु जास्ती अदाव री." साडू थबकले. मागांच्या खडखडाटाने त्यांचा एक कान कामातून गेलेला. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "काय म्हणाला? हळू जास्ती? हळू फिरतंय म्हणतोय व्हय?"

कन्नडमध्ये हल्लु म्हणजे दात. याच्या पात्याला दात जास्त आहेत, असं तो सांगत होता. मला ते स्वच्छ समजलं होतं. पण साडूंच्या चेहऱ्यावर इतक्या वर्षांत पहिल्यांदा जरा सैलपणा आला होता, आणि वडीलधाऱ्या माणसाला भर दुकानात तुम्ही चुकलात म्हणून कसं सांगायचं? "व्हय अण्णा," मी म्हणालो. साडूंनी तिथल्या तिथे मशीन बांधायला सांगितलं.

त्यानंतरचे पंधरा दिवस माझ्या जिवाला चैन नव्हतं. फोन वाजला की आधी आक्काचा नंबर नाही ना, ते बघायचो. हळू आहे म्हणून हा माणूस बिनधास्त हात पुढे करणार, आणि ते माझ्या एका 'व्हय'मुळे. फोन करून सांगावं असं रोज ठरवायचो आणि तब्येत विचारून ठेवून द्यायचो. अखेर साडूंचाच फोन आला: "या पावणं, पाटाची पयली फळी कापायची हाय. पल्याडचं टोक धरायला घाबरट माणूस पायजे."

वडगावला पोचलो तर मशीनवर आक्काची जुनी साडी पांघरलेली. साडूंनी ती घडी करून बाजूला ठेवली. फळी ढकलायला त्यांनी मागाचा जुना धोटा, सूत इकडून तिकडे नेणारा तो लांबट लाकडी तुकडा, घेतला होता, म्हणजे बोट पात्यापासून वीतभर लांब. बटण दाबलं आणि ते मशीन असं किंचाळलं की पलीकडचं टोक मी मिक्सरसारखे हात लांब करूनच धरलं. पात्याचे दात दिसेनासे झाले. फळी पुढे सरकायला लागली. साडूंचं कपाळ घामाने भिजलेलं, धोट्याने ते फळी जोरात रेटत होते. मला फार भीती वाटली, इतकी की सगळा मान विसरून मी ओरडलो, "हळू! अण्णा, हळू!"

साडू थांबले. हात सावरला आणि मुंगीच्या चालीने फळी पलीकडे आणली. मशीन बंद केलं, पातं पुरतं थांबेपर्यंत उभे राहिले. मग आपली बोटं मोजली आणि माझे हात ओढून घेऊन माझीही मोजली.

"अण्णा," मी म्हणालो, "तो दुकानदार हळू न्हवता म्हणाला."

"ठाव हाय. जन्म वडगावात कानडी शेजारात गेला, पावणं. हल्लु म्हंजी दात, मला कळत न्हाय व्हय?"

"मग दुकानात हळू म्हणून कशाला इचारलंसा?"

ते धोट्यावरचा भुसा पुसत राहिले. "आप्पाच्या समोर मीच हुतो त्या दिवशी. पल्याडचं टोक धरून. लई जोरात ढकलत हुता. हळू म्हणायचं अगदी तोंडावर आलतं. पर थोरल्या भावाला कसं सांगायचं म्हणून गप बसलो." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "दुकानात मी मुद्दाम चुकीचं इचारलं, तुम्ही टोकताय का बघायला, तर तुम्हीबी माझा मान राखून व्हय म्हणलासा. तवा मला धास्ती पडली, ह्योबी माझ्यासारखाच निघाला तर? आज वरडलासा. बरं केलंसा."

पाट झाला. एका कोपऱ्याला जरासा डुलतो. नात त्याच्यावरच जेवते आणि दुसऱ्या कुणाला बसू देत नाही. साडूंचा दुसरा कानही आता गेल्यातच जमा आहे, तरी महिन्यातून एकदा ते मला बोलावून घेतात. बटण दाबायच्या आधी मान वर करून माझ्या तोंडाकडे बघतात. मी म्हणतो, "हळू, अण्णा." त्यांना ते ऐकू येत नाही, पण माझे ओठ हललेले दिसल्याशिवाय ते फळीला हात लावत नाहीत.