दोन कुलपांचं भांडार

माणूस हसताना दिसला की माझ्या सासूबाई आधी त्याचे हात कुठे आहेत ते बघायच्या. लग्नाच्या बोलणीत मी उगाचच हसलो, म्हणून त्यांचा होकार लांबला. त्यात मी नदीपलीकडचा. "पलीकडच्या मुलाला अलीकडची मुलगी कशाला लागते? तिकडे मुली संपल्या का?" असं त्यांनी माझ्या वडिलांना तोंडावर विचारलं. वडील भिडस्त. ते "नाही, आहेत की," एवढंच म्हणाले आणि चहा संपवायच्या मागे लागले.

बाई महापालिकेच्या भांडारात होत्या. घरी मी त्यांना आई म्हणायचो, कामावर सगळ्यांसारखं बाई. नवा झाडू हवा असेल तर जुन्याचा दांडा आणून दाखवावा लागे, मग मागणारा साहेब का असेना. आमच्या दोन शहरांनी मिळून नदीकाठी सायन्स पार्क काढलं, तेव्हा तिथलं भांडार सांभाळायला अलीकडच्या शहराने बाईंना पाठवलं. त्यात सन्मान किती आणि महापालिकेची सुटका किती, हे पाठवणाऱ्यांनाच ठाऊक.

पार्क म्हटल्यावर सुरुवातीला लोक मुलांना घेऊन झोपाळे शोधत यायचे. आत होत्या प्रयोगशाळा. कुठे जुन्या बसच्या बॅटऱ्यांचं काहीतरी चालायचं, कुठे सांडपाण्याचं. पण दोन्ही शहरांचा खरा जीव अडकला होता तो बुरशीत. शेतातल्या भुशावर ती बुरशी वाढवायची, साच्यात घालून वाळवायची, की थर्माकोलऐवजी वापरता येतील अशी हलकी, टणक खोकी तयार. फेकली तर मातीत मिसळून जातात. तिचं मूळ वाण काचेच्या बाटल्यांतून थंड कपाटात ठेवलेलं असे. त्याला सगळे विरजण म्हणत. ते सांभाळणाऱ्यांत माझी बायको होती. मी पार्कातला वायरमन, पलीकडच्या शहराच्या वाट्याचा.

आता विरजण ठेवायचं कुठे, यावरून वाद झाला. अलीकडच्यांना वाटे पलीकडचे पळवतील, पलीकडच्यांना वाटे अलीकडचे. शेवटी ते भांडारात गेलं आणि भांडाराच्या दाराला दोन कुलपं आली, प्रत्येक शहराचं एक. दोघे भांडारपाल हजर असले तरच दार उघडायचं. दुसऱ्याच्या कुलपाला बोटसुद्धा लावायचं नाही. आणि कुणाचं कुलूप उघडं सापडलं, तर तो भांडारपाल त्याच दिवशी घरी. त्यावर सुनावणी नाही, काही नाही. हा नियम वाचून बाई खूश झाल्या. एखादा नियम त्यांच्या मनासारखा निघावा, हे मी तेवढं एकदाच पाहिलं.

पलीकडच्या भांडारपालाचं नाव त्यांनी ठेवलं हसरा. गोल चेहऱ्याचा, पन्नाशीचा माणूस. सकाळी येताना हसायचा, जाताना हसायचा, पाऊस आला तरी हसायचा. घरी जेवताना बाईंचा रोजचा विषय तोच.

"आजही पाठ करून उघडलं त्याने कुलूप. जावईबापू, लपवण्यासारखं काय असतं हो कुलपात?"

"जाडा आहे तो, आई. दार झाकलं जाणारच."

"तुम्ही त्याचीच बाजू घ्यायची!"

जावईबापू म्हटलं की मी ओळखायचो, आज माझ्यावरही पाळत आहे. बायको पानात मान घालून हसू दाबायची.

हसरा कधी म्हणायचा, "तुम्ही आहात ना बाई, मग मला कसली काळजी." तेवढ्यावरून बाईंनी आठवडाभर डोकं पिकवलं. काही गेलं की माझ्यावर ढकलायची तयारी चाललीय याची, म्हणाल्या. त्या दिवसापासून त्या डोळ्यांत तेल घालून त्याच्याकडे बघू लागल्या. आपलं कुलूप लावलं की ओढून बघायच्या, दोन पावलं जाऊन परत यायच्या, पुन्हा ओढायच्या. हा बाजूला उभा राहून शांतपणे वाट बघायचा. त्याच्या नोकरीवर गदा यावी, अशी एक चूक त्या वर्षानुवर्षं शोधत होत्या. मला तर कधीकधी वाटायचं, विरजणापेक्षा त्यांना त्याच गोष्टीची जास्त आस आहे.

एका दुपारी वीज गेली, आली, आणि भांडारातून बारीक टीं-टीं ऐकू यायला लागलं. थंड कपाट बंद पडलं होतं. हसऱ्याची रजा होती, त्याच्या आईचं ऑपरेशन होतं, फोन बंद. त्याच्या कुलपाची दुसरी किल्ली पलीकडच्या कचेरीत, आणि पूल दुरुस्तीसाठी बंद. लांबून वळसा घालून माणूस येईपर्यंत संध्याकाळ झाली असती. बायकोचा चेहरा पांढरा पडला. "तोवर काही उरणार नाही," एवढं म्हणून ती बर्फ आणायला प्रयोगशाळेकडे पळाली.

बाईंनी आपलं कुलूप काढलं आणि दुसऱ्यासमोर थांबल्या. मनात पाल चुकचुकत असणारच.

"हा त्याचाच डाव असेल. आपण तोडावं म्हणून."

"आई, त्याची आई दवाखान्यात आहे. आणि इथे तुमच्या मुलीची सहा वर्षं नासतायत."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू वीज मीच घालवली होती. मग म्हणाल्या, "तोडा. तुम्हीच तोडा, तुम्ही त्यांचे."

मी पहार आणली. ती आत घालायला कुलूप हातात धरलं, तर ते उघडलं. लावलेलंच नव्हतं. कडी नुसती टेकवून ठेवली होती.

मी आत शिरलो. कपाटाची पिन जळाली होती. ती बदलून दुसऱ्या बोर्डावरून वायर ओढली, कपाट घुरघुरायला लागलं. बाटल्या अजून गार होत्या. मी कपाळ पुसत वळलो तर बाई दाराशी एका खोक्यावर बसल्या होत्या, ते कुलूप मांडीवर घेऊन.

"कडीला गंज आहे," त्या म्हणाल्या. "कालचं नाही हे. वर्षांचं आहे. पाठ करायचा तो म्हणूनच." मग त्यांनी कडीवरून अंगठा फिरवला. "म्हणजे इथे कुलूप माझं एकटीचंच होतं. सगळं माझ्या भरवशावर टाकून हा माणूस घरी जाऊन झोपायचा. आणि मी..."

मला त्यांची इतकी दया यापूर्वी कधी आली नव्हती.

दूरवर बायकोच्या चपला वाजल्या. बाई ताडकन उठल्या. दार ओढून घेतलं, हसऱ्याचं कुलूप कोयंड्यात अडकवलं आणि दाबलं. कट्ट झालं.

"आता तोडा."

"आई, अहो, उघडं..."

"उघडं होतं असं पलीकडे कुठे बोललात, तर याद राखा. तोडा म्हणते ना!"

मी तोडलं. ते चांगलं मजबूत कुलूप होतं, खूप वेळ लागला.

सोमवारी दोन्ही शहरांचे साहेब लांब टेबलाशी बसले. हसरा कोपऱ्यात उभा होता. आपण कुलूप लावलं नव्हतं, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार? तुटलेलं कुलूप बघून तो काहीतरी बोलायला पुढे झाला, तर बाईंनी त्याच्यावर असे डोळे वटारले, की तो जागीच थांबला.

"दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा नाही, हा नियम तुम्हाला माहीत होता?" पलीकडच्या साहेबांनी विचारलं.

"माहीत होता. तोडायला मीच सांगितलं."

"मग किल्ली येईपर्यंत थांबला का नाहीत?"

"किल्ली यांची, माणूस यांचा," बाई म्हणाल्या. "माझा विश्वास नाही यांच्यावर. कुणालाही विचारा."

विचारायची कुणाला गरजच वाटली नाही. साहेबांनी माना डोलावल्या आणि भांडाराची किल्ली टेबलावर ठेवायला सांगितली. बाईंनी ती ठेवली आणि हसऱ्याकडे न बघता बाहेर पडल्या.