उकळलेल्या पाण्याचे शंख

दहा हजार वर्षांपूर्वी पाऊस कसा पडत होता हे छातीठोकपणे सांगणारा, पण आज छत्री न्यावी की नाही हे जन्मात न कळलेला माणूस सगळ्या नाशकात एकच, तो म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी. नव्वदच्या दशकात ते कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे आणि सुटी लागली की नांदगावकडच्या नदीच्या दरडी उकरून गोगलगाईंचे जुने शंख गोळा करायचे. एक गुराखी तासभर बघत उभा राहिला आणि न राहवून म्हणाला, "सर, सोनं हाय का काय खाली?" दाजी म्हणाले, "नाही, पाऊस आहे." गुराख्यानं मुकाट्यानं आपल्या डोक्यावरचा टॉवेल काढून त्यांच्या डोक्यावर ठेवला.

दाजींचं शास्त्र मला पाठ झालं होतं. पाण्यातला ऑक्सिजन दोन तऱ्हेचा, हलका आणि जड. पाणी आटताना हलका वाफेबरोबर जास्त उडतो, जड मागे राहतो, आणि गोगलगाय त्याच पाण्यात आपला शंख बांधते. शंखाची पूड तपासली आणि जड जास्त निघाला, की तो दुष्काळ. पण जुन्या शंखांवर विश्वास ठेवायचा तर आधी जिवंत गोगलगाईंवर पडताळा हवा. म्हणून गच्चीवर घमेल्यांत दर वर्षी नवी पिल्लं, आणि त्यांना ड्रममध्ये साठवलेलं नुसतं पावसाचं पाणी. ते बदलायचं काम अर्थात ताईकडे. "सवत परवडली असती, ती निदान भांडली तरी असती," असं म्हणत ती रोज जिना चढायची.

मग ताईच्या पोटात दुखणं निघालं. तशातही ती गच्चीवर जायची. त्या वर्षी पाऊस धो धो झाला, गोदेला पूर येऊन घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं. थंडी सरता सरता ताई गेली.

काही महिन्यांनी प्रयोगशाळेचं पत्र आलं. त्या वर्षीच्या शंखांत भयंकर दुष्काळ निघाला होता. दाजी कागद घेऊन माझ्याकडे आले. "पडताळाच खोटा ठरला. इतक्या वर्षांचं काम वाया गेलं," म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता.

मला सगळं ठाऊक होतं. डॉक्टरांनी ताईला उकळलेलं पाणी सांगितलं होतं, तेव्हा दुसऱ्या शेगडीवर ती गोगलगाईंचंही उकळायची. "मला उकळून देतात आणि त्या मुक्या जिवांना शिळं? त्यांनाही पोट आहे की. ह्यांना सांगू नकोस, हसतील." तिला दिलेला शब्द मी त्या दिवशी मोडला.

दाजी हसले नाहीत. "किती उकळायची?"

"निम्मं आटेपर्यंत. काढ्यासारखं."

त्यांनी कागदाच्या पाठीवर आकडेमोड केली, पुन्हा केली. "जुळतंय गं. शंख खोटं बोलले नाहीत," म्हणाले आणि माझ्यासमोर लहान मुलासारखे रडले. मीही रडले.

त्यांचं काम वाचलं. पण त्या वर्षीचे उरलेले शंख त्यांनी कुणाला तपासायला दिले नाहीत. परवा मी सहज म्हटलं, "दाजी, हजारो वर्षांनी हे कुणाला सापडले तर तो म्हणेल, त्या साली नाशकात पाऊसच झाला नाही."

दाजी शंख पुसत होते. "म्हणू दे," म्हणाले. "मला तरी कुठे आठवतोय?"