घोरता का?

पुणतांब्याच्या स्टेशनावरचा तो टांगेवाला उतारूला नाव विचारत नसे, गाव विचारत नसे; "घोरता का?" एवढंच विचारी. "न्हाई" म्हणणाऱ्याला गोदावरीच्या घाटावरच्या धर्मशाळेत नेऊन सोडी, आणि हा निर्णय आधी घोड्याला सांगे.

शाळा तपासायला मी तिथे दरमहा जाई. माझं घोरणं ऐकून नदीला पूर आला समजून पलीकडच्या काठाची माणसं गुरं सोडत. तरी मी दोनदा "नाही" म्हणालो आणि दोन्ही वेळा माफी मागूनही धर्मशाळेतून माझी वळकटी बाहेर आली. तिसऱ्या खेपेला खरं सांगितलं.

"लई घोरता?"

"छताची माती गळते."

"ऐकलंस का रं राजा?" तो घोड्याला म्हणाला. "घावला! चल घरला."

त्याच्या घरी लढाईवरून परतलेला धाकटा भाऊ ओसरीवर बसला होता, डोळे लालबुंद. "तोफांची सवय लागलीया सायेब," टांगेवाला म्हणाला, "शांत झालं की ह्याला झोपच न्हाई. तुमी शेजारी निजा."

सकाळी मला जाग आली तेव्हा भाऊ गाढ झोपला होता. मी उठू लागलो तोच टांगेवाल्यानं हात जोडले. "उठू नगा सायेब. तुमचं घोरनं थांबलं तर त्यो जागा हुईल."

मग काय, ऊन ओसरीवर येईपर्यंत मी उघड्या डोळ्यांनी घोरलो. शाळा त्या दिवशी उशिरा तपासली.

पुढच्या महिन्यापासून टांगेवाल्यानं तो प्रश्न कुणालाच विचारला नाही; मी उतरलो की घोडा न सांगताच त्याच्या घराकडे वळे. आणि मी घोरण्याबद्दल माफी मागणं सोडलं.